पोथींतील हरताळ व संग्राहकाचें कर्तव्य

पोथीचें आयुष्य कशानें घटतें याचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. पुष्पिकेंत लेखक तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून ग्रंथ सांभाळण्याची विनवणी करितो; रुमाल, लांकडी फळ्या, वेखंडाचे तुकडे ही सर्व तजवीज त्याच चिंतेपोटीं झालेली आहे. परंतु पोथीपासून घरांतील माणसांस जपावें लागतें, हा विचार क्वचितच मांडला जातो. तो मांडण्यास हरताळ हें एक पुरेसें कारण आहे.

'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार आज केलेलें काम निष्फळ करणें या अर्थीं रूढ आहे. त्याचें मूळ मात्र लेखकाच्या बैठकींत आहे. अक्षर चुकलें म्हणजे खाडाखोड न करितां त्यावर हरताळाचा लेप देत व तो वाळल्यावर शुद्ध अक्षर लिहीत. याकरितां हरताळ खलांत बारीक घोटून डिंकाच्या पाण्यांत कालवीत. (दुकानें बंद ठेवणें या अर्थाचा 'हरताळ' शब्द वेगळा, तो गुजरातींतून आला असून त्याचा संबंध हाट व टाळें यांशीं आहे.) नेपाळांतील कित्येक जुन्या पोथ्यांचीं तर सबंध पानेंच हरताळानें पिवळीं केलेलीं आढळतात. अशा पानांस कसर लागत नाहीं, हा त्याचा गुण समजला जाई. पण ज्या गुणानें कसर दूर राहते तोच मनुष्यासही घातक आहे.

हरताळ हा आर्सेनिक व गंधक यांचा संयोग होय. मनशीळ हा त्याचा तांबडा भाऊबंद, आणि सोमल ही त्याच आर्सेनिकाची पांढरी व अति जहाल भुकटी. ही गोष्ट आपल्या पूर्वजांस अज्ञात नव्हती. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत स्थावर विषांचीं दहा अधिष्ठानें सांगितलीं असून, धातुविषें म्हणून फेनाश्म व हरिताल या दोहोंचीच गणना केली आहे. त्याच स्थानाचा पहिला अध्याय अन्नपानाच्या रक्षणाचा आहे. म्हणजे वैद्य ज्यास विष म्हणत होता, तेंच द्रव्य लेखक रोज बोटानें हाताळीत होता.

यावर असा आक्षेप येईल कीं, शुद्ध हरताळ पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, मग त्याचें भय कां बाळगावें? यास दोन उत्तरें आहेत. एक, खाणींतून येणाऱ्या हरताळांत सोमलाचा अंश पुष्कळदां मिसळलेला असतो. दुसरें अधिक महत्त्वाचें: उजेड व हवा यांच्या योगानें हरताळाचें हळूहळू सोमलांत रूपांतर होतें व त्याचा पिवळेपणा उडतो. सारांश, डाग फिका पडला म्हणून तो निरुपद्रवी झाला असें नव्हे. उलट त्याविषयीं अधिक सावध असावें.

सोमलास रंग, वास वा ओळखूं येण्याजोगी चव नाहीं; पीठ किंवा साखर यांशीं त्याची गल्लत सहज होते. म्हणूनच इंग्लंडांत १८५१ च्या कायद्यानें किरकोळ विक्रीच्या सोमलांत काजळी किंवा नीळ मिसळण्याचा दंडक घातला. मुंबई इलाख्यांत विषांच्या विक्रीवर नियंत्रण घालणारा कायदा १८६६ सालीं झाला, व सबंध हिंदुस्थानासाठीं १९०४ व १९१९ चे कायदे झाले. परंतु कायद्याचा हात दुकानापर्यंत पोंचतो. माळ्यावरील वाडवडिलांच्या पेटीपर्यंत पोंचत नाहीं.

पोथीवरील एखादा डाग कोणाचा प्राण घेईल असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांतील द्रव्य अत्यल्प असतें. खरें भय लेखनसाहित्याच्या पेटीचें आहे. तींत हरताळाचे खडे, मनशीळ, हिंगूळ व नांव नसलेल्या पुड्या असूं शकतात. रांगत्या मुलास पिवळा चकाकणारा खडा खेळणेंच वाटणार. नामसादृश्याचाही घोटाळा आहे: रसकापूर हें पाऱ्याचें विष, देवापुढील कापूर निराळा; आणि तो कापूरही मुलानें खाल्ल्यास झटके येतात. कसरीसाठीं कपाटांत टाकलेल्या डांबराच्या गोळ्या तर मुलांस गोळ्या-वड्यांसारख्याच दिसतात. एकोणिसाव्या शतकांतील हिरव्या कापडी बांधणीच्या विलायती पुस्तकांकडेही लक्ष द्यावें. त्यांपैकीं कांहींच्या रंगांत आर्सेनिक असतें. याच कारणास्तव पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें २०२४ सालीं चार पुस्तकें वाचकांपासून दूर ठेविलीं.

उपाय सोपे आहेत. पान उलटतांना बोट जिभेस लावूं नये. पोथी स्वयंपाकघरांत वा जेवणाच्या ठिकाणीं उघडूं नये. काम झाल्यावर हात साबणानें धुवावे. पिवळी भुकटी सुटत असल्यास कोरड्या कुंच्यानें झाडूं नये, पान स्वतंत्र वेष्टनांत ठेवून जाणत्या संरक्षकास दाखवावें. प्रत्येक पिवळा रंग हरताळच असतो असें नाहीं, पण डोळ्यांनीं निर्णय होत नाहीं. तोंवर तो हरताळच समजावा. खडे व पुड्यांवर नांव लिहून त्या कुलुपांत ठेवाव्या. आडांत, परसांत वा उकिरड्यावर टाकूं नयेत.

कोणाच्या पोटांत कांहीं गेलेंच, तर ग्रंथांतील उपचार करीत बसूं नये. सुश्रुतानें स्थावर विषाच्या पहिल्या वेगांत वमन सांगितलें आहे खरें, पण आजचे वैद्यक घरीं वांती करविण्यास मना करतें. कांहीं विषें वर येतांना घसा पुन्हा जाळतात, व गुंगींतील रोग्याच्या श्वासनलिकेंत ओकारी शिरते. पुडी बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गांठावें.

शेवटीं संग्राहकांस एक सूचना. पोथ्यांच्या वर्णनात्मक सूचींत आपण पत्रसंख्या, आकार, ओळी, लिपी व शक नोंदवितों. त्यांतच 'हरताळ: आहे, नाहीं, संशयित' असें एक सदर वाढवावें. त्यानें पाठशोधनास मदत होईल, कारण हरताळाखालीं पूर्वीचा पाठ दडलेला असतो. आणि आपल्यामागें ती पेटी ज्याच्या हातीं जाईल, त्यास आंत काय आहे हें उघडण्यापूर्वींच कळेल.