जपानी भाषेची एन-२, एन-१ परीक्षा : वऱ्हाडातल्या विद्यार्थ्यांनी तयारी कशी करावी?

जपानी भाषा प्रवीणता परीक्षा, म्हणजेच जेएलपीटी, १९८४ पासून घेतली जाते. २०१० पासून तिच्या पाच पातळ्या आहेत. एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. क्लासची फी भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला नेमकी कोणती पातळी लागणार, हे घरच्यांनी बसून ठरवावे.

कोणती पातळी कशासाठी?
वृद्धांची सेवा, हॉटेल, शेती अशा कामांसाठी जपानने २०१९ मध्ये ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसा सुरू केला. त्याला भाषेसाठी एन-४ चालते. ऑफिसच्या नोकरीत, भाषांतराच्या कामात बहुधा एन-२ मागतात. उच्च कुशल व्यक्तींच्या व्हिसासाठी ७० गुण लागतात. त्यात एन-२ चे १० आणि एन-१ चे १५ गुण मिळतात. मात्र नुसत्या सर्टिफिकेटवर नोकरी किंवा व्हिसा मिळत नाही.

वेळ किती लागतो?
आता शब्दांची अधिकृत यादी निघत नाही. पण २०१० पूर्वीच्या चार पातळ्यांच्या परीक्षेचे आकडे अंदाजाला उपयोगी पडतात. तिसऱ्या पातळीला (आजची एन-४) सुमारे ३०० कांजी म्हणजे चित्राक्षरे आणि १,५०० शब्द होते. दुसऱ्या पातळीला (एन-२) १,००० कांजी आणि ६,००० शब्द, तर पहिलीला (एन-१) २,००० कांजी आणि १०,००० शब्द. म्हणजे एन-४ झालेल्या मुलाने रोज २ कांजी आणि १२-१३ शब्द न चुकता केले, तरी एन-२ ला साधारण वर्ष जाते. ‘सहा महिन्यांत एन-२’ असे कोणी सांगत असेल, तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवा. मध्ये एन-३ द्यावी; ही दरी भरण्यासाठीच ती पातळी आणली गेली.

मार्कांचा हिशेब
शब्द-व्याकरण, वाचन आणि श्रवण असे तीन भाग, प्रत्येकी ६० गुण. १८० पैकी एन-२ ला ९० आणि एन-१ ला १०० हवेत. शिवाय प्रत्येक भागात किमान १९ लागतात. दोन भागांत पैकीच्या पैकी आणि श्रवणात १८ पडले, तरी नापास! ध्वनिफीत एकदाच ऐकवतात, म्हणून रोज अर्धा तास जपानी बातम्या ऐकाव्यात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न सोडू नये. ‘शिन कांझेन मास्टर’ आणि ‘सोमातोमे’ या पुस्तकमाला दोन्ही पातळ्यांसाठी मिळतात. परीक्षेत बोलणे आणि लिहिणे नसते, पण मुलाखतीत बोलावेच लागते. तो सराव वेगळा ठेवा.

आपल्या मुलांची जमेची बाजू
जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, मराठी-उर्दूसारखेच. ‘शाळेत’मधला ‘त’ जसा शब्दामागे लागतो, तसेच तिथले प्रत्ययही मागे लागतात. उभ्या ओळींत छापलेले जपानी पुस्तक उर्दू पुस्तकासारखे उजवीकडून उघडते. एन-२ पासून मात्र अडचण वाढते ती सारख्या वाटणाऱ्या रचनांची. ‘तो येईल’, ‘तो यायला हवा’, ‘तो येणार म्हणे’ यांत जसा फरक, तसे बारीक फरक तिथे विचारतात.

फॉर्म आणि प्रवास
भारतात परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. फॉर्म काही महिने आधीच भरून घेतात. पुणे आणि मुंबई येथे केंद्रे आहेत. शनिवारीच पोहोचता येईल असे रेल्वेचे रिझर्वेशन करा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाव. आपल्याकडे एका मार्कशीटवर ‘मो.’, दुसरीकडे ‘मोहम्मद’, कुठे ‘शेख’ आधी, कुठे शेवटी. फॉर्मवर पासपोर्टप्रमाणेच स्पेलिंग लिहा. पासपोर्ट नसेल तर आधी कागदपत्रांवरचे नाव एकसारखे करून घ्या. सर्टिफिकेटला मुदत नसते, त्यामुळे त्यावरचे नाव आयुष्यभर दाखवावे लागणार आहे.