महाराष्ट्रातील कोविड-१९ प्रसाररोधक उपायांविषयीचे संशोधन

महाराष्ट्रात २०२० व २०२१ या वर्षांत कोविड-१९ या साथरोगाचा प्रसार रोखण्यासाठी टाळेबंदी, प्रवासबंदी, विलगीकरण, शारीरिक अंतर आणि मुखपट्टी हे उपाय योजण्यात आले. या उपायांमुळे विषाणूचा प्रसार कितपत आटोक्यात राहिला, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासांमध्ये मुंबईतील सेरो-सर्वेक्षणे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची संगणकीय प्रतिमाने आणि स्थलांतरितांच्या प्रवासबंदीवरील अभ्यास यांचा समावेश होतो. नियम सर्वांना सारखाच असला, तरी त्याचा परिणाम राहत्या घराची जागा, पाणी व शौचालयाची सोय आणि बंदीचा कालावधी यांनुसार बदलतो, असे या अभ्यासांतून दिसून आले.

पार्श्वभूमी

राज्यातील पहिल्या रुग्णांची नोंद ९ मार्च २०२० रोजी पुण्यात झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्य शासनाने साथरोग अधिनियम, १८९७ लागू केला. हा कायदा मूळचा मुंबई इलाख्यातील प्लेगच्या साथीत केलेला आहे. २३ मार्चपासून राज्यात संचारबंदी आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. मुंबईची उपनगरी रेल्वेसेवाही याच सुमारास थांबवण्यात आली.

मुंबईतील पहिले सेरो-सर्वेक्षण

एखाद्या व्यक्तीला संसर्ग होऊन गेला असल्यास तिच्या रक्तात बहुधा प्रतिपिंडे, अर्थात अँटिबॉडीज, आढळतात. रोगनिदान चाचणी न झालेल्या अथवा लक्षणेच न जाणवलेल्या लोकांचा संसर्गही या मार्गाने मोजता येतो. मुंबई महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी जुलै २०२० च्या आसपास एफ उत्तर (माटुंगा), एम पश्चिम (चेंबूर) आणि आर उत्तर (दहिसर) या तीन प्रशासकीय विभागांत असे सर्वेक्षण केले. ८,८७० नमुन्यांचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात ६,९३६ नमुने मिळाले. इमारतींमधील रहिवाशांचा प्रतिसाद झोपडपट्ट्यांपेक्षा कमी होता.

२८ जुलै २०२० रोजी जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार झोपडपट्ट्यांमधील ५७ टक्के, तर इतर वस्त्यांमधील १६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली. ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकातील शोधनिबंधात हे अंदाज अनुक्रमे सुमारे ५४ व १६ टक्के असे आहेत. दोन्ही प्रकारच्या वस्त्या एकाच विभागातील होत्या आणि तेथे टाळेबंदीही एकच होती. तरीही संसर्गाचे प्रमाण तिपटीहून अधिक भिन्न निघाले. सामायिक शौचालये, सार्वजनिक नळ आणि एका खोलीत राहणारी अनेक माणसे ही त्याची संभाव्य कारणे मानली गेली. घरात थांबण्याचा आदेश पाळणाऱ्या कुटुंबालाही दिवसातून अनेकदा शौचालयाच्या रांगेत उभे राहावे लागत असेल, तर शारीरिक अंतराचा नियम कागदावरच राहतो. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची ४० टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्ट्यांमध्ये राहते.

या सर्वेक्षणाचे आकडे अनेकदा धारावीचे म्हणून सांगितले जातात. वस्तुतः धारावी जी उत्तर विभागात मोडते आणि तो विभाग सर्वेक्षणात नव्हता. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळल्यानंतर घरोघरी तपासणी करून संशयितांना शाळा, सभागृहे व क्रीडासंकुले येथे हलवण्यात आले, कारण तेथील घरांत अलगीकरण शक्यच नव्हते. पुढे तेथील रुग्णसंख्या उतरली. त्यात या उपायांचा वाटा किती आणि आधीच झालेल्या संसर्गातून आलेल्या प्रतिकारशक्तीचा किती, हे सर्वेक्षणावरून वेगळे काढता येत नाही.

पुढील फेऱ्या

ऑगस्ट २०२० मधील दुसऱ्या फेरीत झोपडपट्ट्यांतील प्रमाण ४५ टक्के, तर इतर वस्त्यांतील १८ टक्के आढळले. एकदा झालेला संसर्ग पुसला जात नसल्यामुळे ५७ वरून ४५ वर आलेला आकडा गोंधळात टाकणारा होता. रक्तातील प्रतिपिंडे कालांतराने घटतात व काही चाचण्यांना ती नंतर सापडत नाहीत, हे त्याचे एक स्पष्टीकरण होय. मार्च २०२१ च्या सर्वेक्षणात हे आकडे ४१.६ आणि २८.५ टक्के होते. मात्र त्या वेळी नमुने दवाखाने व प्रयोगशाळांमधून घेतलेले असल्याने आधीच्या फेऱ्यांशी थेट तुलना करणे योग्य ठरत नाही.

जानेवारी व फेब्रुवारी २०२१ मध्ये महापालिकेच्या नोंदींतील सुमारे ९० टक्के रुग्ण निवासी इमारतींमधील होते. पहिल्या लाटेत टाळेबंदीने ज्यांचे अधिक रक्षण केले, तोच वर्ग नंतर विषाणूसमोर अधिक उघडा राहिला, असा अर्थ यातून काढता येतो. इमारतींमध्ये चाचण्यांचे प्रमाण अधिक असणे हेही एक कारण असू शकते.

संगणकीय प्रतिमाने

टाटा मूलभूत संशोधन संस्था व बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था यांनी शहराची संगणकीय प्रतिकृती तयार केली. तीत प्रत्येक काल्पनिक रहिवाशाला घर, शाळा अथवा कामाचे ठिकाण आणि प्रवास नेमून दिलेला असतो. कार्यालये किंवा लोकलसेवा टप्प्याटप्प्याने सुरू केल्यास रुग्णालयांवर किती भार येईल, याचा अंदाज या पद्धतीने बांधण्यात आला. प्रत्यक्षात सर्वसामान्य प्रवाशांसाठी लोकल १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सुरू झाली.

प्रवासबंदीचा कालावधी

मुंबईबाहेरील जिल्ह्यांच्या दृष्टीने फिओना बर्लिग, अनंत सुदर्शन व गॅरेट श्लॉक यांचा २०२१ मधील अभ्यास महत्त्वाचा आहे. मुंबईतील स्थलांतरितांना गावी परतण्याची मुभा गटागटाने, वेगवेगळ्या वेळी मिळाली होती. संशोधकांनी या फरकाचा आधार घेऊन त्यांच्या मूळ जिल्ह्यांतील रुग्णवाढ तपासली. अल्पकाळ किंवा दीर्घकाळ टिकलेल्या बंदीपेक्षा मध्यम कालावधीच्या बंदीनंतर तेथे संसर्ग अधिक वाढल्याचे त्यांना आढळले. शहरात संसर्ग शिगेला पोहोचत असताना माणसे तेथेच अडकून पडतात आणि बंदी उठताच तो संसर्ग सोबत घेऊन गावी जातात, असे यामागील तर्कशास्त्र आहे. श्रमिक विशेष गाड्या १ मे २०२० पासून सुटू लागल्या, तर राज्यांतर्गत प्रवासासाठीच्या ई-पासची अट सप्टेंबर २०२० च्या आरंभी रद्द झाली.

ग्रामीण व सीमावर्ती जिल्हे

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय सेरो-सर्वेक्षणासाठी देशातील ७० जिल्हे निवडण्यात आले होते. महाराष्ट्रातून बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर आणि जळगाव हे सहा जिल्हे त्यात होते. विदर्भातील एकही नव्हता. त्यामुळे गोंदियासारख्या जिल्ह्यात संसर्ग किती पसरला होता, याचे उत्तर या पाहणीतून मिळत नाही. मुंबई–हावडा लोहमार्गावरील हे जंक्शन राज्याच्या पूर्व टोकाला असून जिल्ह्याच्या सीमा मध्य प्रदेश व छत्तीसगडला भिडतात. जून–जुलै २०२१ मधील चौथ्या फेरीत, लसीकरणाने निर्माण झालेली प्रतिपिंडे धरून, महाराष्ट्राचे प्रमाण ५८ टक्के होते. मध्य प्रदेशात ते ७९ टक्के, म्हणजे पाहणीतील राज्यांत सर्वाधिक, तर छत्तीसगडमध्ये ७४.६ टक्के होते. गोंदियाच्या बाजारपेठेत व रेल्वेस्थानकावर तिन्ही राज्यांतील लोकांची ये-जा असते. सहा जिल्ह्यांवरून काढलेली राज्याची सरासरी या जिल्ह्याला लावणे त्यामुळेच धोक्याचे ठरते.