पोळणे, भाजणे, चटका : वऱ्हाडातील घरगुती दाहोपचाराचा पूर्वेतिहास

घरगुती उपचारांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण साधनांची असते. राजदरबारचे दप्तर राहते, देवस्थानाचे ताम्रपट राहतात. परंतु चुलीपुढे हात भाजलेल्या गृहिणीने त्यावर काय लावले, याची नोंद कोणी ठेवीत नाही. अशा विषयात भाषा हेच पुष्कळदा पहिले साधन ठरते. बडनेऱ्यासारख्या गावी, जेथे जुने वऱ्हाडी खेडे, लोहमार्गाचे जंक्शन आणि आजचा अमरावती महानगरपालिकेचा भाग अशी तीन रूपे एकावर एक रचली गेली आहेत, तेथे हे साधन विशेष उपयोगी पडते.

मराठीत अग्निजन्य इजेसाठी एक शब्द नाही, शब्दांची श्रेणी आहे. तव्याला बोट क्षणभर लागले तर तो ‘चटका’. कढत चहाने जीभ किंवा तापलेल्या वाळूने तळवा ‘पोळतो’. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होत असल्याने तेथे तो ‘पोयतो’. विस्तवाने हात ‘भाजतो’, ज्वाळेच्या झळीने माणूस ‘होरपळतो’, आणि पुढची पायरी ‘जळण्याची’. कारण, संपर्काचा काळ आणि इजेची खोली या तिन्हींचा विवेक या क्रियापदांत आहे. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, या म्हणीत ‘पोळणे’ आले आहे, ‘जळणे’ नाही. अनुभव दुखरा खरा, पण जीवावरचा नव्हे, हे बोलणाऱ्यास ठाऊक असते.

हीच श्रेणी शास्त्रग्रंथांतही आढळते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बारावा अध्याय अग्निकर्माचा, म्हणजे चिकित्सेसाठी मुद्दाम डागण्याचा आहे; परंतु त्यातच प्रमादाने भाजलेल्यांचाही विचार केला आहे. तेथे दग्धाचे चार प्रकार सांगितले आहेत : केवळ वर्ण पालटून आग होते तो प्लुष्ट, फोड येऊन तीव्र वेदना होतात तो दुर्दग्ध, आणि त्यापुढे सम्यग्दग्ध व अतिदग्ध. तापलेले तेल-तूप सूक्ष्म शिरांतून त्वचेत शिरते, म्हणून स्नेहाने झालेली इजा अधिक दाहक असते, असे निरीक्षणही तेथे आहे. कढईतील तेल उडालेल्या कोणाही गृहिणीस ते पटेल.

मात्र याच अध्यायात एक विचार असा आहे की, ज्याचा परिणाम दूरवर गेलेला दिसतो. प्लुष्टावर संहिता शीत नव्हे तर उष्ण उपचार सांगते. थंड पाण्याने रक्त घट्ट होते व उष्मा आत कोंडला जातो, ही त्यामागील उपपत्ती होय. दुर्दग्धास मात्र शीत व उष्ण दोन्ही क्रिया, आणि तूप, लेप व सेक हे शीतच, अशी योजना आहे. सम्यग्दग्धासाठी चंदन, गेरू, गुळवेल इत्यादींचा तुपातील लेप येतो. हा भेद घराघरांत टिकला नाही. टिकले ते तूप, आणि ‘भाजल्यावर पाणी लावू नये, फोड येतो’ हा समज. ग्रंथ व चूल यांच्यामध्ये सरळ धागा दाखविता येत नाही, परंतु दोन्हींतील साम्य डोळ्यांआड करण्यासारखे नाही.

१८६७ साली मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला आणि पुढे बडनेरा अमरावतीच्या फाट्याचे जंक्शन बनले. कापूस व जवस यांच्या निर्यातीबरोबर वाफेचे यंत्रही या मुलखात आले. विलायतेतही या काळी भाजण्यावरचा प्रसिद्ध उपचार म्हणजे जवसाचे तेल व चुन्याची निवळी यांचे मिश्रण होते. स्कॉटलंडमधील कॅरन येथील लोखंडाच्या कारखान्यावरून त्यास ‘कॅरन तेल’ म्हणत. योगायोग असा की, वऱ्हाडातील घरात हे दोन्ही पदार्थ हाताशी होते : जवस शेतातले, चुना पानाच्या डब्यातला. पुढे जंतुसंसर्गाच्या भयाने हे तेल मागे पडले.

म्हणून घरगुती उपचार म्हणजे अज्ञान आणि पाश्चात्य उपचार म्हणजे शास्त्र, अशी वाटणी इतिहासाला मान्य होण्यासारखी नाही. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविद् आंब्रवाझ पारे यानेही भाजल्यावर कांदा वापरला होता. जेम्स अर्ल याने १७९९ साली शीतोपचाराचा पुरस्कार केला, पण तो सार्वत्रिक झाला नाही. १९२५ साली अमेरिकेत डेव्हिडसन याने टॅनिक आम्लाचा उपचार मांडला. तो सर्वत्र पसरला आणि यकृतास अपाय होतो असे आढळल्यावर १९४०च्या दशकात सोडून द्यावा लागला. गार पाण्याचे महत्त्व पुन्हा प्रस्थापित होण्यास आइसलंडचे ओफेइग्सन यांच्या १९६०च्या सुमाराच्या प्रयोगांपर्यंत थांबावे लागले.

महाराष्ट्रात तर स्वयंपाकघरातील द्रव्येच रुग्णालयात कसोटीस लावली गेली. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात केसवानी व पाटील यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमेवर वापरून १९८५ साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील सुब्रह्मण्यम् यांनी १९९१ साली मधाची तुलना प्रचलित औषधाशी केली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात गोरे व सहकाऱ्यांनी केळीच्या पानाची पट्टी तपासली. तिन्ही प्रयोग जखम भरून येण्याच्या अवस्थेचे आहेत, आणि साली व पान तर निर्जंतुक करून वापरलेले आहेत. चटका बसताच घरातला बटाटा किसून लावण्याला त्यातून आधार मिळत नाही.

येथेच प्रश्नाचे मर्म आहे. ‘उपचार’ या एका शब्दाखाली दोन भिन्न क्रिया झाकल्या जातात : त्वचेतील उष्णता काढून घेणे, आणि नंतर जखम भरून आणणे. तूप व लेप यांची जागा, असलीच तर, दुसऱ्या क्रियेत. पहिल्या क्षणी लावलेले तूप उष्णता बाहेर पडण्यास अडथळाच करते. आजचे वैद्यक सांगते ते असे : अंगठी-बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात, भाजलेला भाग सुमारे वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा, बर्फ लावू नये, फोड फोडू नयेत, स्वच्छ कापडाने सैल झाकावे. हे शीतन तीन तासांपर्यंत उपयोगी पडते. चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, इजा तळहाताहून मोठी असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर वैद्याकडे जाणे अगत्याचे.

वीस मिनिटे पाणी वाहू देणे ही अलीकडच्या नळाची देणगी आहे, हेही विसरता येत नाही. पूर्णेच्या खाऱ्या पट्ट्यात गोड पाण्याचा हंडा दुरून आणणाऱ्या घराने ते भाजल्या बोटावर ओतले नाही, तर त्यास केवळ अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे होईल. उपचाराचा इतिहास हा मतांइतकाच पाण्याचाही इतिहास असतो. चटका आणि भाजणे यांतला भेद मराठी बोलणाऱ्यांनी जिवंत ठेवला आहे. शमन आणि रोपण यांतला भेद पुन्हा घरोघर रुजविणे, हे त्याच विवेकाचे पुढचे पाऊल ठरेल.