मातांनी मागितलेला रस्ता

हॉलंड हा सायकलींचा देश, असे आपण ऐकतो. परंतु तेथील सायकलस्वाराची सुरक्षितता आयती आलेली नाही. ती झगडून मिळवावी लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे सुबत्ता आली, तशा मोटारीही वाढल्या. त्यांच्यासाठी रस्ते रुंद झाले आणि सायकलवाला कडेला लोटला गेला. एकट्या १९७१ साली रस्त्यांवरील अपघातांत ३,००० हून अधिक माणसे दगावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. विक लांगेनहॉफ या पत्रकाराची लहानगी शाळेत जाताना अशीच गेली. १९७२ साली त्याने ‘बालहत्या थांबवा’ या मथळ्याचा लेख लिहिला आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. तिची पहिली अध्यक्षा मार्त्ये फान पुटेन ही एक तरुण माताच होती. अपघातांच्या जागी निदर्शने झाली. मुलांना खेळता यावे म्हणून रस्ते अडविले गेले. १९७३ च्या तेलटंचाईत काही रविवारी मोटारी बंद राहिल्या आणि मोकळा रस्ता कसा असतो, हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. पुढे सायकलींसाठी वेगळे मार्ग झाले. १९७६ साली वस्तीतील काही रस्त्यांवर मोटारीने पायी चालणाऱ्याच्या गतीनेच जावे, असा कायदा झाला.

आपले पुणेही एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पुढे मोटारी-स्कूटरींनी सायकल मागे सारली. मुलांना ‘जपून जा’ असे सांगणे हे आपले कर्तव्य आहेच. परंतु मुलांना जपणारा रस्ता मागणे, हेही मातेचेच काम होय.