श्वासयंत्राच्या नळीतील औषध

इ. स. 1952 मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओच्या साथीने हाहाकार उडविला. तेथील ब्लेग्डाम रुग्णालयात भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी रुग्णाच्या श्वासनलिकेस छेद देऊन, त्यात नळी बसवून, रबरी पिशवीने फुप्फुसांत हवा भरण्याचा मार्ग दाखविला. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने अहोरात्र त्या पिशव्या दाबीत बसले. पुढे हे काम यंत्रांनी पत्करले.

श्वास यंत्राच्या स्वाधीन झाला, तथापि त्या यंत्रावरील रुग्णाच्या फुप्फुसांत औषध पोहोचवावे कसे, हा प्रश्न उरलाच. नेब्युलायझर द्रव औषधाचे सूक्ष्म तुषार करतो. परंतु ते तुषार नळ्यांच्या वळणावळणांवर चिकटतात आणि यंत्रातील दमट हवेने फुगून जड होतात. 1985 साली अमेरिकेतील डॉ. नील मॅकइंटायर व सहकाऱ्यांनी मोजमाप केले. नळीविना श्वास घेणाऱ्यांत सुमारे 12 टक्के औषध फुप्फुसांत पोहोचत होते, तर व्हेंटिलेटरवरील रुग्णांत 3 टक्केही नाही! एवढी घट कोणत्याही पेढीस परवडणारी नव्हे. शिवाय नेब्युलायझरसाठी बाहेरून सोडलेली हवा यंत्राच्या मापात मिसळते. मग अशक्त रुग्णाचा श्वास घेण्याचा क्षीण प्रयत्न यंत्रास उमगत नाही. नेब्युलायझर स्वच्छ नसेल, तर जंतूही त्याच वाटेने आत जातात.

खरा धडा मिळाला तो 2009 च्या स्वाइन फ्लूच्या साथीत. पुणेकरांनी ती साथ जवळून पाहिली आहे. झानामिविर नावाचे औषध त्या वेळी तोंडाने ओढावयाच्या पुडीच्या रूपात मिळे. व्हेंटिलेटरवरील रुग्ण ती पूड ओढणार कशी? म्हणून एके ठिकाणी ती द्रवात विरघळवून नेब्युलायझरने देण्यात आली. हेतू जीव वाचविण्याचाच होता. परंतु पुडीच्या प्रत्येक मात्रेत औषध 5 मिलिग्रॅम, तर त्यास वाहून नेणारी दुग्धशर्करा 20 मिलिग्रॅम. माल एक भाग अन् वेष्टण चार भाग, असाच तो प्रकार! कोरड्या रूपात निरुपद्रवी असलेल्या त्या साखरेने यंत्राचा मार्ग अडविला आणि रुग्ण दगावला. ऑक्टोबर 2009 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, ही पूड विरघळवून नेब्युलायझरने अथवा व्हेंटिलेटरद्वारे देऊ नये, असा इशारा प्रसृत केला.

त्याच औषधाच्या शिरेतून देण्याच्या द्रावणास युरोपात मान्यता मिळावयास 2019 साल उजाडले.