चिनी अनुभव आणि परदेशी कसोटी

गीर्ट हॉफस्टेडे यांनी संस्कृतींची मोजदाद उभी केली ती १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवर. त्या मोजदादीत हाँगकाँग आणि तैवान होते, चीनची मुख्य भूमी नव्हती. त्याहून मोठी उणीव प्रश्नांतच होती, कारण पाश्चात्त्य संशोधकांना जे महत्त्वाचे वाटले तेच विचारले गेले. हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातल्या मायकल बाँड यांनी ही रीत उलटी केली. त्यांनी चिनी अभ्यासकांनाच त्यांच्या समाजाची मूलभूत मूल्ये विचारली, त्यांतून ४० मूल्यांची प्रश्नावली केली आणि ती २२ देशांतल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवली. १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा संस्कृती मोजण्यासाठी हॉफस्टेडे यांनी मांडलेल्या परिमाणांपैकी एकाचा मागमूस लागला नाही. उलट चिकाटी, काटकसर अशा मूल्यांभोवती जमलेले एक नवेच परिमाण पुढे आले. हॉफस्टेडे यांनी ते पाचवे परिमाण म्हणून आपल्या मांडणीत घेतले. चिनी अभ्यासकांकडून निघालेल्या प्रश्नाने चिनी नसलेल्या माणसांबद्दलही काही नवे सांगितले. स्थानिक संशोधनाला जगात जागा मिळाली ती आपले स्थानिकपण पातळ केल्याने नव्हे, तर त्याच्या आधारे प्रचलित सिद्धान्ताची उणीव दाखवून दिल्याने, असे मला ठामपणे वाटते.

याचा सर्वांत चांगला पुरावा कारखान्यांतून येतो. नेमून दिलेल्या कामापलीकडे कर्मचारी संस्थेसाठी आपणहून जे करतो, त्याचे पाच प्रकार अमेरिकी संशोधक डेनिस ऑर्गन यांनी १९८८ साली मांडले होते. ती यादी चिनी भाषेत आणून कामगारांसमोर ठेवणे सोपे होते. ज्यिंग-लिह फार, चेन-बो चोंग आणि स्वतः ऑर्गन यांनी तसे केले नाही. त्यांनी चीनमधल्या ७२ उद्योगांतल्या १५८ जणांकडून प्रत्यक्ष उदाहरणे गोळा केली आणि २००४ साली दहा प्रकारांची मांडणी प्रसिद्ध केली. कामाची जागा स्वच्छ ठेवणे, संस्थेच्या वस्तू जपून वापरणे, आपसांत सलोखा राखणे, समाजकार्यात भाग घेणे या गोष्टींना तिथे स्वतंत्र स्थान होते. सरकारी उद्योग ज्या देशात दीर्घकाळ घर, दवाखाना आणि पाळणाघरही पुरवत होते, तिथे कामाची हद्द दरवाजापाशी संपत नाही, हे लक्षात घेतले की ही यादी अपरिहार्य वाटते. मूळ यादीच्या कर्त्यानेच या कामात हात घालावा, ही मला विशेष मोलाची गोष्ट वाटते.

यावर आक्षेप असा, की विज्ञान सार्वत्रिक असते, त्याला देश कशाला? पण व्यवस्थापनशास्त्राचा बराच पाया १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात झालेल्या प्रयोगांवर रचला गेला. तोही एका गावचा, एका काळचा अनुभव. फक्त त्याच्या नावापुढे कोणी ‘अमेरिकी’ लावले नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: संस्कृतीचे नाव घेऊन सत्ता आणि कायद्याचे प्रश्न झाकले जातात. कॅथरिन शिन आणि जोन पिअर्स यांनी १९९६ साली दाखवले, की चीनमधल्या खासगी कंपन्यांचे प्रमुख ग्वान्शीवर, म्हणजे परस्पर उपकारांनी बांधलेल्या ओळखींवर, इतरांपेक्षा जास्त विसंबतात, कारण त्यांना कायद्याचे संरक्षण तोकडे असते. डग गथ्री यांनी १९९८ साली बाजारव्यवस्थेबरोबर ग्वान्शीचे महत्त्व ओसरत असल्याचे मांडले. मेफेअर यांग यांनी २००२ साली उत्तर दिले, की ती नवे रूप घेऊन नव्या ठिकाणी टिकते. हा वाद म्हणजेच आक्षेपाचे उत्तर. संस्कृतीला न बदलणारा गुणधर्म मानले तर आक्षेप खरा ठरतो. संस्थांबरोबर ती कशी बदलते हे तपासले तर तोच आक्षेप संशोधनाचा विषय होतो.

अशा संशोधनाला जागा करून देण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात संशोधक अ‍ॅन त्सुई यांचे. त्यांच्या पुढाकाराने चिनी व्यवस्थापन संशोधनाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि २००५ साली ‘मॅनेजमेंट अँड ऑर्गनायझेशन रिव्ह्यू’ हे नियतकालिक सुरू झाले. पण नियतकालिकाने विद्यापीठांचा हिशेब बदलला नाही. चिनी विद्यापीठांत बढती दीर्घकाळ निर्देशांकांत नोंदल्या जाणाऱ्या इंग्रजी नियतकालिकांतल्या लेखांवर तोलली गेली, आणि तरुण संशोधकाला अमेरिकेत आधीच मान्य झालेल्या प्रश्नात चिनी आकडे भरणे सुरक्षित वाटत राहिले. २०२० साली चीनच्या शिक्षण आणि विज्ञान मंत्रालयांनी अशा मोजणीवरचे अवलंबित्व कमी करण्याचे आदेश दिले. आदेशाने मोजपट्टी बदलते. कारखान्यात जाऊन माणसांना विचारण्याचे काम, जे फार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, ते संशोधकालाच करावे लागते.