‘कटकट’ म्हणजे नेमकं काय?

‘केवायसीची कटकट’, ‘पार्किंगची कटकट’, ‘मिटली एकदाची कटकट!’ दिवसातून कितीदा म्हणतो आपण हे. कटकट हा स्त्रीलिंगी, अनुकरणवाचक शब्द, म्हणजे आवाजाच्या नकलेतून आलेला. अनेकवचन कटकटी, करणारा तो कटकट्या.

किरकिर, पिरपिर, भुणभुण ही त्याचीच भावंडं. पण किरकिर करायला रडवेलं मूल किंवा रातकिडा लागतो. भुणभुण कुणीतरी कानाशी करावी लागते. कुरबुरीला तर दोन बाजू हव्यात, म्हणून बातम्यांमध्ये मित्रपक्षांत कायम कुरबुर असते. कटकटीला मात्र आता आवाजही लागत नाही. सुट्ट्या पैशांची कटकट काही बोलायची नाही, तरी २०१६ मध्ये यूपीआय येईपर्यंत प्रत्येक दुकानात होती.

ती छोटी हवी आणि पुन्हा पुन्हा यायला हवी. मोठ्या आजाराला कुणी कटकट म्हणत नाही. त्यासाठी भराव्या लागणाऱ्या फॉर्मना म्हणतात.

माणसाला लावताना मात्र हा शब्द जरा जपून वापरावा. ‘आईची कटकट’ म्हटलं की दोष तिचा ठरतो. ओला टॉवेल रोज पलंगावर कोण टाकतं, हे त्यात येतच नाही.